बाजारात तुरी, आणि भट प्रायव्हेट लिमिटेड

परवा माझ्या मावसबहिणीचे चिरंजीव घरी आले आणि चपला काढायच्या आत त्यांनी माझ्या हातात व्हिजिटिंग कार्ड ठेवलं. मामाला कार्ड! जाड कागद, गोल कोपरे आणि नावाखाली तीन पदं: 'फाउंडर, डायरेक्टर अँड सीईओ'. मी पाणी आणलं. तिघांना मिळून एक तांब्या पुरला.

"धंदा कसला रे?"

"फूड-टेक."

"मराठीत सांग."

"भाजणी, मामा. थालीपिठाची. आईची."

"अरे वा! खप किती?"

"खप अजून नाही. सध्या आपण प्री-रेव्हेन्यू आहोत."

आमच्या वेळी या अवस्थेला 'घरीच असतो' म्हणायचे. इंग्रजीने बेकारीला किती मानाने वागवलंय बघा.

आता गंमत ऐका. त्याची आई, म्हणजे आमची ताई, बावीस वर्षं डोंबिवलीत भाजणी विकते आहे. महिन्याला चाळीस किलो सहज जाते. दिवाळीआधी चकलीची भाजणी वेगळी. पिशवीवर नाव नाही, लेबल नाही, रबर बँड आहे. अन्नसुरक्षेची वर्षाला शंभर रुपयांची नोंदणी तिने कधीच करून घेतली, कुणालाही कार्ड न वाटता. गिऱ्हाईक दार वाजवतं आणि म्हणतं, "काकू, एक किलो." या धंद्यात माल आहे, गिऱ्हाईक आहे, नफा आहे. फक्त कंपनी नाही. चिरंजीवांकडे कंपनी आहे. फक्त बाकीचं नाही.

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण तुम्हाला माहीत आहेच. तुरी अजून दुकानात, आणि इकडे वरण घट्ट की पातळ यावरून मारामारी. आजचा भट सुधारला आहे, हात उगारत नाही. तो तुरी आणण्याआधी प्रायव्हेट लिमिटेड काढतो, वरणाच्या नावाचा ट्रेडमार्क भरतो आणि भटणीला नॉमिनी करतो.

नॉमिनी का, ते सांगतो. चिरंजीवांची कंपनी 'वन पर्सन कंपनी' या जातीची. कंपनी कायदा २०१३ ने हा अवतार घडवला. एका माणसाची कंपनी! ती काढायला माणसं किती लागतात? दोन. तो एकटा उद्या वर गेला तर कंपनी कुणाची, यासाठी दुसऱ्या माणसाची लेखी संमती आधीच जोडावी लागते. व्रत एकपत्नीचं, पण अर्जासोबत दुसरीचं संमतिपत्र जोडा, अशातला प्रकार.

पण खरा वेदान्त पुढेच आहे. कलम १२२ काढा. या कंपनीला ठराव करायचा असेल, तर तिच्या एकमेव सभासदाने तो ठराव कंपनीला कळवायचा, मिनिट्सच्या वहीत नोंदवायचा, सही करून तारीख घालायची. ती तारीख म्हणजेच सभेची तारीख. नीट वाचलंत ना? सभासद तोच, संचालक तोच, कळवणारा तोच आणि कळून चकित होणाराही तोच. अद्वैत सिद्ध करायला आद्य शंकराचार्यांना भाष्यांवर भाष्यं लिहावी लागली. कंपनी खात्याने ते चार पोटकलमांत उरकलं.

ताईचा एकदा घाबऱ्या आवाजात फोन आला होता. "अरे, हा खोलीत दार लावून एकटाच काहीतरी मोठ्याने वाचतोय."

"घाबरू नको. ठराव पास होतोय."

"विरोध कोण करतंय?"

बघा, प्रश्न किती मार्मिक.

या वेदान्ताचा मूळपुरुष मात्र लंडनचा. आरॉन सॉलोमन, बुटांचा कारखानदार. त्याने आपला चालता धंदा स्वतःच काढलेल्या कंपनीला विकला. २०,००७ शेअर, त्यातले २०,००१ स्वतःकडे, उरलेले सहा बायको आणि पाच मुलांना एकेक, पेढा वाटावा तसे. कंपनी बुडाली. धनको म्हणाले, कसली कंपनी, हा सॉलोमनच टोपी घालून बसलाय. १८९६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला: छे छे, टोपी वेगळी, सॉलोमन वेगळा. तेव्हापासून जगभरच्या दुकानदारांची श्रद्धा आहे की पाटीवर 'लिमिटेड' लागलं की आपलं राहतं घर वाचलं.

वाचतं की. कर्ज मागेपर्यंत वाचतं. बँकेच्या टेबलापाशी बसलात की सॉलोमन आणि टोपी पुन्हा एक होतात. कंपनीला कर्ज हवंय? अवश्य. इथे संचालकांनी वैयक्तिक हमीची सही करा, इथे घराचे कागद ठेवा. पुढे कंपनी बुडाली तर अशा हमीदारांवर दिवाळखोरीची स्वतंत्र कारवाई करता येते, यावर २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तबही केलं. म्हणजे जबाबदारी दारावरच्या पाटीत मर्यादित, आतल्या फायलीत अमर्याद. हे त्या 'स्वप्नांना पंख' छापाच्या शिबिरांत कुणी सांगत नाही. पंखांना तारण लागतं, हे पंख विकणारा कशाला सांगेल?

हो, विकणारा आहे ना. चिरंजीवांचा एक सल्लागार आहे. त्याच्याकडे सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम अशी पॅकेजं आहेत, जशी मंगल कार्यालयांत असतात. प्लॅटिनममध्ये कंपनी, ट्रेडमार्क आणि वर 'फाउंडर माइंडसेट'चं सत्र फुकट. या गृहस्थाने आजवर एकही किलो काहीही विकलेलं नाही. कंपन्या मात्र शेकड्यांनी काढून दिल्या आहेत. सुईणीला स्वतःचं मूल असावंच असं नाही, हे मान्य; पण निदान पोटात बाळ आहे की गॅस, एवढं तरी तिने तपासावं!

आणि बाळंतपण सरकारने स्वस्त केलंय, हा आणखी एक खेळ. पंधरा लाखांपर्यंतच्या अधिकृत भांडवलाला केंद्राची नोंदणी फी शून्य. पूर्वी खासगी कंपनीला किमान एक लाखाचं भांडवल लागायचं, ती अट २०१५ साली गेली. जन्म फुकट! मग? पहिल्या तीस दिवसांत ऑडिटर नेमा. एक पैशाची विक्री नसली तरी नेमा. त्याने शून्य तपासून शून्य बरोबर असल्याचा दाखला द्यायचा. एकशे ऐंशी दिवसांत 'धंदा सुरू करतोय' असं जाहीर करा. महाराष्ट्रात कंपनी जन्मली की नाळ कापायच्या आत व्यवसायकराची नोंदणी गळ्यात पडते. वर्षाकाठी ताळेबंदाचा एक फॉर्म, विवरणपत्राचा एक फॉर्म. विसरलात? प्रत्येकी रोज शंभर रुपये, आणि वर मर्यादा नाही. गणित करा: दोन फॉर्म, तीनशे पासष्ट दिवस, त्र्याहत्तर हजार. जबाबदारी लिमिटेड, लेट फी अनलिमिटेड. आणि कंटाळून म्हणालात की बंद करतो, तर ती फाइल उघडायची फी दहा हजार. जन्म फुकट आणि अंत्यविधीला पावती, असा हा एकमेव सरकारी दवाखाना.

पत्त्याचं प्रकरणही ऐकण्यासारखं आहे. नोंदणीकृत कार्यालयाला पुरावा लागतो: दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल आणि मालकाचं ना हरकत पत्र. चिरंजीवांचं कार्यालय म्हणजे ताईच्या फ्लॅटमधला, देवघर आणि फ्रिज यांच्यामधला कोपरा. वीजबिल आजोबांच्या नावावर, फ्लॅटही आजोबांच्याच. आजोबा २००९ साली गेले. घरातल्या कुणाला नाव बदलायचं सुचलं नाही, कारण बिल भरलं की दिवे लागत होते. आता ना हरकत कुणी द्यायची? पिंडाला कावळा शिवला, ही संमती धरली जात नाही. मग वारस, सोसायटी, प्रतिज्ञापत्रं, काकांच्या सह्या. काकांनी सोळा वर्षांनी पहिल्यांदा विचारलं, "या फ्लॅटमध्ये माझाही हिस्सा आहे ना?" कंपनीने एक किलो भाजणी विकण्याआधी एका कुटुंबाची वाटणी काढली. याला म्हणतात व्हॅल्यू क्रिएशन.

हसू नका, पत्त्याच्या बाबतीत सरकारचीही एक हळवी आठवण आहे. नुसत्या कागदावरच्या कंपन्यांचा फार सुळसुळाट झाला, २०१७ साली दोन लाखांहून अधिक कंपन्या नोंदवहीतून खोडाव्या लागल्या. मग २०१९ साली जुन्या कंपन्यांकडून एक फॉर्म मागवला. त्यात कार्यालयाचे फोटो हवे होते: एक इमारत बाहेरून आणि एक आतून, आणि त्या फोटोत सही करणारा संचालक जातीने दिसला पाहिजे. देशभरचे उद्योगपती खुर्चीत ताठ बसून, मागे गणपतीचा फोटो येईल अशा बेताने, पासपोर्टला काढावेत तसे फोटो काढत होते. जे अब्जावधींच्या उलाढालीतून सिद्ध होत नव्हतं, ते टेबल, पंखा आणि मालक एका चौकटीत आले की सिद्ध झालं.

पण या साऱ्याचा कळस म्हणजे नाव.

चिरंजीवांनी कंपनीचं नाव ठेवलं, त्यात 'फाय' आहे, 'टेक' आहे, फक्त भाजणी नाही. पूर्ण नाव छापत नाही. तो माझ्यावर ट्रेडमार्कचा दावा ठोकेल. मी म्हटलं, "अरे, 'काकूंची भाजणी' काय वाईट होतं? सगळे तेच तर म्हणतात." तो हसला. कसं? लहान मुलाने 'चंद्र हवा' म्हटल्यावर मोठी माणसं हसतात ना, तसं. "मामा, ते स्केल होत नाही."

नाव मंजूर व्हायचे नियम मात्र मला मनापासून आवडतात. ते एखाद्या निवृत्त व्याकरण मास्तराने रागाच्या भरात लिहिले असावेत. एकवचनाचं अनेकवचन केलं म्हणून नाव वेगळं होत नाही. क्रियापदाचा काळ बदलून होत नाही. अधेमधे टिंब किंवा मोकळी जागा सोडून होत नाही. 'टीमवर्क'च्या पोटात ॲटचं वेटोळं घातलं तरी ते टीमवर्कच. 'नॅशनल इलेक्ट्रिसिटी कॉर्पोरेशन' आणि 'राष्ट्रीय विद्युत निगम' ही दोन्ही नावं एकच, असं उदाहरण खुद्द नियमांत दिलंय. भाषांतर धरतात ते हिंदी आणि इंग्रजीतलं. मराठीचं काय? मराठीला अभिजात दर्जा मिळालाय ना, तेवढ्यावर समाधान माना. २०१६ पासून ही नावं तपासायचं केंद्र हरियाणातल्या मानेसरला आहे. 'थालीपीठ' हा शब्द मानेसरच्या टेबलावर पोचतो तेव्हा त्याला काय वाटत असेल, या विचाराने माझा घास अडकतो.

समजा नाव मंजूर झालं. झालं का तुमचं? मुळीच नाही! इथेच निम्मा महाराष्ट्र फसतो. कंपनीचं नाव मिळणं म्हणजे ट्रेडमार्क मिळणं नव्हे. एका खिडकीने दिलेलं नाव दुसऱ्या खिडकीवर आधीच कुणीतरी घेऊन बसलेलं असू शकतं. अशा ट्रेडमार्कवाल्याने तीन वर्षांच्या आत तक्रार केली आणि ती टिकली, तर कंपनीला तीन महिन्यांत नाव बदलायचा हुकूम होतो. आणि तुम्ही नाही बदललंत तर? तर सरकार स्वतः बारसं करतं. २०२१ पासून लागू असलेल्या नियमानुसार तुमचं नवं नाव असं: आधी 'ओआरडीएनसी' ही अक्षरं, म्हणजे 'हुकूम पाळला नाही'चं इंग्रजी लघुरूप, मग साल, मग अनुक्रमांक, मग कंपनीचा एकवीस अक्षरा-अंकी ओळखक्रमांक. आत्याबाईंनी कानात 'कुर्रर्र' करून हे नाव सांगितलंय, अशी कल्पना करा. येरवड्यात नंबर निदान आटोपशीर असतो! आणि नाव बदलल्यावर दोन वर्षं पाटीवर जुनं नावही लिहायचं, कायदाच आहे तसा. सासरच्या नावाखाली माहेरचं, लग्नपत्रिकेत लिहितात तसं.

पाटीवरून पाटीकडे वळू. कंपनी कायदा म्हणतो, पाटी स्थानिक भाषेतही हवी. महाराष्ट्राचा दुकानांचा कायदा २०२२ पासून सांगतो, मराठी देवनागरीत हवी आणि इतर लिपीपेक्षा लहान नको. उत्तम. मग चिरंजीवांच्या दारावर काय लागलं? तेच 'फाय', तेच 'टेक', तेच 'प्रायव्हेट लिमिटेड', देवनागरीत. शब्द एक मराठी नाही, अक्षरं सगळी मराठी. शेजारच्या आजी रोज येता-जाता ती पाटी मोठ्याने वाचतात, कारण त्यांना ती मंत्रासारखी वाटते. एकदा हात जोडताना मी स्वतः पाहिलंय.

बरं, ट्रेडमार्क. पंचेचाळीस वर्ग असतात. भाजणी बसते तिसाव्यात. चिरंजीवांनी पाच वर्गांत अर्ज भरले. सॉफ्टवेअरचाही भरला, कारण उद्या ॲप येईल. व्यक्ती किंवा लहान उद्योगाला वर्गामागे साडेचार हजार, पाचाचे साडेबावीस. सल्लागार म्हणाला, "प्रोटेक्शन." कशापासून? जो माल कुणी पाहिला नाही त्याची नक्कल कोण करणार? रिकाम्या घराला पाच कुलपं. शिवाय अर्ज केल्याच्या दुसऱ्याच दिवशी नावापुढे गोलातला 'आर' चिकटवला. तो नोंदणी पुरी झाल्यावरच लावता येतो, आधी लावणं कायद्याने चूक, हे प्लॅटिनममध्ये सांगत नाहीत. बहुधा डायमंडमध्ये सांगत असतील.

मग लोगो. तो मित्राने काढून दिला, मिसळीच्या एका प्लेटच्या मोबदल्यात. मी विचारलं, "लोगो कुणाचा?"

"माझा. मिसळ मी दिली ना."

तुम्हाला वाटतंय बरोबर आहे. नाही! नोकर नसलेल्या माणसाने काढलेला लोगो कॉपीराइट कायद्याने सहसा आधी त्याचाच असतो. हक्क तुमच्याकडे यायला लेखी, सही केलेला करार लागतो. आणि करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. म्हणजे साडेबावीस हजारांचं कुंपण घातलं ते मित्राच्या जमिनीभोवती. कंपनीच्या पन्नास पानांच्या घटनेत अंतराळ संशोधनाचीही तरतूद आहे, मित्रासोबतचा अर्ध्या पानाचा कागद तेवढा नाही. आपल्याकडे धंद्यात कागद करायचा म्हणजे अविश्वास, मैत्रीचा अपमान! अपमान टाळतात, आणि मग दहा वर्षांनी कोर्टाच्या व्हरांड्यात दोघे जिवलग पाठ फिरवून उभे असतात.

यानंतर गाडी पेटंटवर आली. "मामा, आपण भाजणीचं पेटंट घेतोय. हळदीच्या वेळी भारताने अमेरिकेला कसं नमवलं!"

हे ऐकून मला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. हळदीची कथा काय होती? जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं, जुने दाखले पुढे ठेवले आणि १९९७ साली ते रद्द करवलं. मुद्दा काय होता? की हे आमच्या आज्यांना आधीच ठाऊक होतं, सबब हा शोध नव्हे. आणि हा पठ्ठ्या त्याच विजयाचा दाखला देऊन आजीची भाजणी स्वतःचा शोध म्हणून नोंदवायला निघालाय! चोर पकडल्याच्या मिरवणुकीत चोराचाच पोशाख घालून नाचायचं. आपला पेटंट कायदा तरी शहाणा: नुसतं मिश्रण म्हणजे शोध नाही, आणि पारंपरिक ज्ञान तर नाहीच नाही.

खरं गुपित ताईकडे आहे, आणि ते कुठल्याही कचेरीत नाही. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाच नाही. ताईने त्यावर स्वतःचा तोडगा काढलाय. धणे किती भाजायचे, विचारा. ती म्हणते, "वास येईपर्यंत." कुठला वास? "कळतो." हे गुपित फोडायला सात जन्म घ्यावे लागतील.

२०२५ च्या जूनमध्ये प्राडाने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला मिरवल्या तेव्हा चिरंजीव रात्रभर फोनवर गरजत होते. कोल्हापुरीला भौगोलिक ओळख मिळालेली आहेच: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. जो सीमाप्रश्न आयोगांना सुटला नाही, तिथे चपलेने समझोता केला, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जुलैत ती फेटाळली गेली. न्यायालयाचा सवाल साधा होता, नोंदणीकृत मालक दोन राज्यांची महामंडळं, ती गप्प असताना तुम्ही कोण? तुम्ही कोण! हाच प्रश्न मला गरजणाऱ्या सगळ्यांना विचारायचा होता. त्या रात्री अस्मिता पेटलेल्यांपैकी कितींच्या पायात कोल्हापुरी होती? चिरंजीवांच्या पायात तर रबरी होत्या. त्याही परदेशी ब्रँडच्या, आणि त्यातही नकली.

आता तुम्ही म्हणाल, हा म्हातारा कायद्यालाच हसतोय. नाही हो. मी फॉर्मला हसतोय. त्याखालचा कायदा कधीकधी आश्चर्य वाटावं इतका जमिनीवर असतो. बघा: अमृतधारा आणि लक्ष्मणधारा, दोन औषधं. सारखी वाटतात का? १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने कसोटी लावली ती व्याकरणाची नाही, तर बेताच्या बुद्धीच्या, अर्धवट आठवणीच्या साध्या गिऱ्हाइकाची. ते फसेल का? फसेल, असं न्यायालयाने ठरवलं. (अमृतधारावाले बरीच वर्षं गप्प बसले, म्हणून लक्ष्मणधाराला उत्तर प्रदेशापुरती मोकळीक मिळाली. गप्प बसायलाही कायद्यात किंमत पडते.) दहा वर्षांनी पार्लेच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनाचा खटला. म्हैसूरच्या कंपनीच्या वेष्टनावरही बाई, गाई, शिवाय कोंबड्या. न्यायालय म्हणालं, दोन पुडे शेजारी ठेवून कोंबड्या मोजत बसू नका. दुकानात उभं राहून बिस्किट मागणाऱ्याला काय वाटेल, ते बघा. लाखालाखांच्या फिया घेणारे बॅरिस्टर दिवसचे दिवस भांडतात ते कशावर? किराणा दुकानात विसराळू माणसाच्या डोक्यात काय चालतं, यावर!

आणि माझा सर्वांत लाडका खटला तिरुनेलवेलीच्या हलव्याचा. एक मंद दिव्याचं दुकान. त्याला नाव पडलं 'इरुट्टुकडै', अंधारं दुकान. पुढे दुसऱ्याने तेच नाव आपल्या हलव्याला नोंदवून घेतलं आणि प्रमाणपत्र छातीशी धरून उभा राहिला. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नोंदणी असू दे. जो आधीपासून ते नाव वापरतोय, त्याचा हक्क वरचढ. मराठीला हे न्यायालयाच्याही आधी ठाऊक होतं. आपल्याकडे नाव *ठेवता* येतं, पण नाव *पडावं* लागतं. ठेवलेल्या नावाला फी लागते. पडलेल्या नावाला बावीस वर्षं.

हे सगळं मला आज का सुचतंय? कारण गेल्या आठवड्यात स्टेशनच्या पलीकडे एका दुकानात चकचकीत पाकिटं लागली. वर नऊवारीतल्या बाईचं चित्र आणि ठळक अक्षरांत: 'काकूंची भाजणी'. हो, तेच. स्केल न होणारं.

चिरंजीव धावत आले. पाच वर्गांची प्रमाणपत्रं यायचीत, पण ती 'फाय'ची. 'काकू' त्यांत कुठेच नाही. गोल्ड नाही, प्लॅटिनम नाही. सल्लागाराचा फोन लागत नाही. मी म्हटलं, धीर धर. नोंदणी नसली तरी आधीच्या वापराच्या जोरावर भांडता येतं. फक्त बावीस वर्षं या नावाने माल जातोय हे दाखवायला हवं. पावत्या ताईने कधी फाडल्या नाहीत, पण तिच्या उधारीच्या वह्या आहेत ना! तेलाचे डाग पडलेल्या, लाल कापडी पाठीच्या वह्या. पानोपानी तारीख, गिऱ्हाइकाचं नाव, 'भाजणी २ कि.', आणि महिनाअखेर गिऱ्हाइकांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं 'काकूंच्या भाजणीचे पोचते केले'. कुठल्याही प्रमाणपत्राच्या तोंडात मारेल असा पुरावा. मी लगेच ताईला फोन लावला.

"ताई, त्या जुन्या वह्या जपून ठेव हं. सोन्याच्या आहेत."

"अरे, त्या कुठल्या आता? मागच्या महिन्यात यानेच रद्दीत घातल्या. म्हणाला, कंपनी पेपरलेस आहे."

मी चिरंजीवांकडे पाहिलं. ते कार्डाचा गोल कोपरा नखाने खरवडत होते.

"किती आले रद्दीचे?" मी विचारलं.

"एकशे वीस रुपये," ताई म्हणाली. "ते त्यानेच कंपनीत जमा केले."

चला. म्हणजे आता प्री-रेव्हेन्यू राहिलेले नाहीत.